पहिली प्रतिकृती घ्यायची ती उघडता येणारी घ्यावी

आपला प्रश्न असा आहे की, दोन्ही महायुद्धांतील लष्करी पिस्तुलांच्या गोळी न झाडणाऱ्या प्रतिकृती जमवायच्या असतील तर सुरुवात कोणत्या पिस्तुलापासून करावी, आणि आपण नुकतेच जपानमध्ये राहायला आल्यामुळे, इथल्या दुकानांत धातूच्या प्रतिकृती सोनेरीच का दिसतात. मी बारा वर्षे टोकियोत राहतो आणि माझ्या कपाटात अशा सात प्रतिकृती आहेत. रंगाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर छंद पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकतो.

१९७१ साली जपानच्या शस्त्रविषयक कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, खऱ्या पिस्तुलासारखी हुबेहूब दिसणारी धातूची प्रतिकृती बाळगायची असेल, तर तिची नळी बुजवलेली आणि रंग पांढरा किंवा पिवळा असावा लागतो. सोनेरी मुलामा पिवळ्यातच धरला जातो, म्हणून ती झळाळी. १९७७ साली नियम आणखी कडक झाले आणि प्रतिकृतीचे खऱ्या शस्त्रात रूपांतर करता येऊ नये म्हणून आतल्या रचनेवरही बंधने आली. प्लास्टिकला मात्र रंगाचा हा नियम लागू नाही. त्यामुळे उएनोच्या अमेयोको बाजारात काळ्याभोर प्रतिकृती दिसतात, आणि काही तर प्लास्टिकमध्ये धातूची पूड मिसळून मुद्दाम जड केलेल्या असतात. स्पेनमधील मेनोर्का बेटावरच्या डेनिक्स या कंपनीच्या जस्त-मिश्रधातूच्या काळ्या प्रतिकृती युरोपात संग्राहकांना सहज मिळतात, पण तीच वस्तू टपालाने टोकियोत मागवणे म्हणजे कायदा मोडणे होय. जुन्या बाजारात एखादी गडद रंगाची, धातूची, ‘फार दुर्मीळ’ म्हणून दाखवली गेली तर तिच्या दुर्मीळपणाचे कारण बहुधा हेच असते.

आता निवडीविषयी. माझे मत स्पष्ट आहे: जी प्रतिकृती मूळ पिस्तुलाप्रमाणे उघडता, सोडवता आणि पुन्हा जोडता येते तीच घ्यावी, मग तिचा रंग मनासारखा नसला तरी चालेल. भिंतीवर टांगलेली एकसंध ओतीव वस्तू चार दिवसांत नजरेआड होते. उघडणारी प्रतिकृती हातात घेतली म्हणजे, काडतूस फुटल्यावर त्याचा दाब ओसरेपर्यंत नळीचे मागचे तोंड बंद कसे ठेवायचे, या एकाच अडचणीवर वेगवेगळ्या रचनाकारांनी काढलेल्या वाटा दिसू लागतात.

या दृष्टीने जर्मन सैन्याने १९०८ साली स्वीकारलेल्या गेओर्ग लुगर यांच्या पी ०८ पिस्तुलापासून सुरुवात करावी. त्याच्या माथ्यावर गुडघ्यासारखा सांधा असतो. माणूस पाय ताठ करून उभा राहिला की गुडघा भार पेलतो, पण मागून हलका धक्का बसला तर तो लगेच दुमडतो. तत्त्व अगदी हेच आहे. नळी आणि सांधा आधी एकत्रच थोडेसे मागे सरकतात, मग सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या गोल मुठी सांगाड्यावरील उतारावर आदळतात आणि सांधा वर दुमडतो. हाताने त्या मुठी हळूहळू मागे ओढून ही हालचाल पाहण्यात मी पहिल्या महिन्यात किती संध्याकाळी घालवल्या, हे घरच्यांना विचारू नये. त्याच उत्साहात रिकामा चाप वारंवार ओढून मी आतली एक बारीक पिन तोडली. जस्ताचे ओतकाम ठिसूळ असते आणि चूक संपूर्णपणे माझी होती.

लुगरनंतर कोल्ट १९११ घ्यावे. अमेरिकी सैन्याने ते मार्च १९११ मध्ये स्वीकारले आणि १९८५ पर्यंत तेच त्याचे मुख्य पिस्तूल राहिले. जॉन ब्राउनिंग यांनी यात नळीच्या मागच्या टोकाखाली एक छोटी कडी बसवली आहे; वरचे आवरण मागे जाताना ही कडी नळीला खाली ओढते आणि दोघांचे खाचे सुटतात. वाल्थर पी ३८ या जर्मन पिस्तुलात नळी झुकत नाही, सरळच मागे येते आणि तिच्याखालचा एक ठोकळा खाली पडून कुलूप उघडतो. गंमत अशी की १९८५ साली कोल्टची जागा घेणाऱ्या बेरेटा पिस्तुलात हाच ठोकळा आहे. माउझर सी ९६ हे जर्मन पिस्तूल महाग पडते, पण त्याच्या आतले भाग लाकडी कोड्यासारखे एकमेकांत अडकतात आणि संपूर्ण पिस्तुलात स्क्रू एकच असतो, तोही मुठीच्या लाकडी फळ्यांसाठी.

आपण जपानमध्ये आहात म्हणून प्रकार १४ नंबू हे जपानी लष्करी पिस्तूलही आवर्जून पाहावे. तैशो कालखंडाच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे १९२५ साली, ते स्वीकारले गेले आणि नावही त्यावरूनच पडले. त्याचा सुरक्षा-खटका अर्धा फेरा फिरवावा लागतो आणि मूठ धरलेल्या हाताच्या अंगठ्याने ते जमत नाही, दुसरा हात लागतोच. पुढच्या काळातील नमुन्यांत चापाभोवतीचे कडे मोठे केलेले दिसते, कारण मांचुरियाच्या थंडीत हातमोजा घातलेले बोट जुन्या कड्यात नीट मावत नसे. प्रतिकृती निवडताना कडे लहान आहे की मोठे हे पाहून ती कोणत्या काळाची नक्कल आहे ते ओळखता येते.

एक व्यावहारिक बाब. रस्त्यावरून नेताना प्रतिकृती बंद खोक्यात असावी, आणि विमानात ती हातातल्या सामानात कधीही ठेवू नये. भारतात नेण्याचा विचार असेल तर आधी सीमाशुल्क विभागाकडून आणि आपल्या जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेकडून लेखी उत्तर मिळवावे. नकली पिस्तुलाचे विनापरवाना खऱ्यात रूपांतर करणे हा तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ चा सरळ भंग आहे. माझ्या सातही प्रतिकृती मी टोकियोतच ठेवल्या आहेत, आणि पुण्याला जाताना फक्त त्यांची छायाचित्रे नेतो.