सीझर रॉडनीची एक रात्र आणि तिच्याआधीची वीस वर्षे

प्रिय विद्यार्थी मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या ठरावावर डेलावेअर वसाहतीचा प्रतिनिधी म्हणून मत द्यायला रातोरात फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधिसभेत, पोहोचलेल्या सीझर रॉडनीवरचा तुझा लेख दोनदा वाचला. वादळी रात्रीची घोडदौड तू झकास रंगवली आहेस, पण तिने निम्मा लेख खाल्ला. खुद्द रॉडनीने ४ जुलै १७७६ रोजी भावाला लिहिताना एवढेच म्हटले, की गडगडाटाने आणि पावसाने खोळंबलो, तरी मत देण्यापुरता वेळेत पोहोचलो. घोडा होता की गाडी, तेही सांगितले नाही; तेव्हा घोड्याच्या तोंडचा फेस आधी खोड.

तो फिलाडेल्फियात का नव्हता, हे तू विचारलेच नाहीस. डेलावेअरच्या मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांच्या फौजेचा, ब्रिगेडियर जनरल या नात्याने तो ससेक्स परगण्यातील राजनिष्ठांचा, म्हणजे ब्रिटिश राजाच्या पाठीराख्यांचा, बंदोबस्त पाहत होता. इकडे काँग्रेसमध्ये डेलावेअरच्या उरलेल्या दोन प्रतिनिधींपैकी टॉमस मॅककीन स्वातंत्र्याच्या बाजूने, जॉर्ज रीड विरोधात. वसाहतीला मत एकच, आणि तेच अडलेले. मॅककीनने निरोप धाडला आणि सत्तर-ऐंशी मैल कापून रॉडनी २ जुलैला हजर झाला. मॅककीनला नुसते बोलावणे पुरले, रॉडनीचे मन वळवावे लागले नाही, ते कशामुळे, हे तुझ्या लेखात यायला हवे. १७५५ मध्ये केंट परगण्याचा शेरीफ, पुढच्या वर्षी मिलिशियात कॅप्टन, १७६५ मध्ये ब्रिटिशांच्या मुद्रांक कराच्या कायद्याविरुद्ध भरलेल्या वसाहतींच्या काँग्रेसमध्ये प्रतिनिधी, नंतर विधानसभेचा सभापती: ही रुक्ष वाटणारी वर्षे तू एका ओळीत उरकलीस.

काँग्रेसमधला त्याचा सहकारी जॉन अ‍ॅडम्स याने १७७४ मध्ये रोजनिशीत केलेले त्याचे वर्णन मात्र जरूर घे: उंच, बोरूसारखा सडसडीत, फिकट, मोठ्या सफरचंदाहून मोठा नसलेला चेहरा, पण त्यावर बुद्धी, तेज आणि विनोद. त्याच चेहऱ्याला कर्करोगाने ग्रासले होते.

मतदानानंतर जयजयकार झाला, असे तू लिहितोस. प्रत्यक्षात त्याच वर्षी केंटच्या मतदारांनी नव्या राज्यघटनेच्या अधिवेशनासाठी त्याला निवडून दिले नाही. तो मिलिशियाच्या कामाला लागला, आणि १७७८ मध्ये राज्याचा अध्यक्ष झाला.

शेवटची दुरुस्ती अवघड आहे. डेलावेअरमध्ये गुलाम आणण्यावर बंदी घालणारे विधेयक त्याने १७६६ मध्ये मांडले, ते फसले. आणि त्याच्या स्वतःच्या शेतीवर गुलामच राबत होते. विल्मिंग्टनमधला त्याचा अश्वारूढ पुतळा २०२० मध्ये हलवला गेला, तो यामुळेच. या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिही, आणि त्यांच्यामध्ये ‘तथापि’ घालू नकोस.

तुझा,
मास्तर