रंजक पेटते, बार का होत नाही?

प्रश्न : माझी ०.३२ कॅलिबरची (म्हणजे ०.३२ इंची नळीची), तोंडातून ठासायची चकमकीची रायफल पहिले तीन-चार बार नेमके मारते. मग गोळी अर्ध्या नळीत अडकते, नेमही बिघडतो. ठासायचा लाकडी गज दोनदा मोडला. काय चुकते आहे?

उत्तर : दोष काजळीचा आहे. बंदुकीची काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो. ०.५० च्या नळीत तो काही बार खपून जातो. आठ मिलिमीटरच्या नळीत तेवढ्याच थराने नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा बुजतात. म्हणून दर बारानंतर नळी पुसाच. चिंधी जेमतेम ओलसर हवी, पिळून पाणी निघता कामा नये. गजाच्या टोकावर ती सैलसर बसू द्या. म्हणजे खाली जाताना काजळीवरून सरकते आणि वर येताना चुरगळून काजळी ओढून आणते. घट्ट चिंधी सगळा गाळ तळाशी लोटते आणि कान (नळीच्या तळाशी आग आत जाण्याचे बारीक भोक) बुजवते.

सुरुवातीला ०.३१० इंची शुद्ध शिशाची गोळी, तिच्याभोवती गुंडाळायला ०.०१५ इंच जाडीची घट्ट विणीची, वंगण लावलेली सुती चिंधी आणि ३एफ (बारीक दाण्यांची) दारू २० ग्रेन (सुमारे १.३ ग्रॅम) घ्या. दारू साठवायच्या शिंगातून थेट नळीत कधीही ओतू नका. आत निखारा राहिला असेल तर हातातले शिंगच उडेल. आधी मापात घ्या, मग नळीत. बारानंतर पुढे पडलेली चिंधी उचलून पाहा : मध्ये जळली किंवा फाटली असेल, तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी पडते आहे.

गज नळीच्या तोंडापासून वीतभर वर धरून थोडा थोडा दाबा. लांबून जोर दिला की तो वाकून मोडतो. गोळी दारूवर टेकली की गजावर खूण करा. पुढे कधी ती खूण तोंडाच्या वर राहिली तर बार उडवू नका. मध्ये पोकळी राहिल्यास नळी फुगते.

प्रश्न : रंजक (कानाबाहेरच्या वाटीतली पेटवणीची दारू) भपकन पेटते, पण बार होत नाही.

उत्तर : आधी नळी लक्ष्याकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांबा, आत दारू धुमसत असू शकते. मग कानात तार फिरवा, नवी रंजक घाला. बहुतेक वेळा सफाईनंतरचे तेल तळाशी उतरलेले असते, म्हणून पहिल्या ठासणीआधी कोरडी चिंधी फिरवून कान मोकळा करा. रंजक ४एफची (३एफहून बारीक दाण्यांची), दोन-तीन ग्रेन पुरे. वाटी काठोकाठ भरून कान बुजवला, तर आग वातीसारखी रेंगाळते. ज्वाळेने कानातून झेप घ्यायला हवी. कान साधारण १.६ मिलिमीटरचा असतो, तो मोठा करू नका. काळ्या दारूचे पर्याय चकमकीला चालत नाहीत, त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते.

प्रश्न : दारू न घालताच गोळी ठासली. आता?

उत्तर : गोळी तळापर्यंत गेल्याची गजाने खात्री करा आणि गज बाहेर काढा. कानातून तारेने ४एफचे चार-सहा दाणे आत सारा, रंजक घाला, सुरक्षित दिशेला झाडा. गोळी थोडीच सरकली, तर मिनिटभर थांबून ती पुन्हा तळाशी दाबा आणि मगच दुसरा प्रयत्न करा. आधुनिक धूरविरहित दारूचा एक दाणाही या बंदुकीत जाता कामा नये, नळी फुटेल.