डिजिटल हक्कांचे काम करायचे आहे, पण पदवी सोडून नव्हे

पत्र (संक्षेपाने): मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. मुलगी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आमच्या भागातले बरेच पालक दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरताना ओटीपी वडिलांच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर जातो, वडील कर्नाटकात उसाच्या फडात असतात आणि अर्ज तिथेच अडतो. मुलीने अशा तक्रारी वहीत नोंदवल्या व इन्स्टाग्रामवर मांडल्या, तेव्हा एका कार्यालयातून विचारणेचा फोन आला. आता पदवी सोडून इंटरनेट स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संस्थेत जायचे, असे ती म्हणते. यात पोट भरेल का? पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल का?

उत्तर:

आदरणीय गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आधी भीतीचा प्रश्न घेतो, कारण तो मनात असेपर्यंत पुढचे बोलणे नीट होणार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना बंदविषयीच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती; एकीने ती लिहिली होती, दुसरीने केवळ 'लाइक' केली होती. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने अशा ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षेची तरतूद करणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. याचा अर्थ आता कसलाच धोका उरला नाही, असा मात्र नाही. बदनामी आणि समाजात तेढ वाढवणारा मजकूर यांविषयीची कलमे भारतीय न्याय संहितेत आहेत, आणि गुन्हा सिद्ध होवो न होवो, चौकशीचा मनस्ताप घरादाराला होतोच. म्हणून मुलीने काही पथ्ये आजपासूनच पाळावीत. कोणत्याही अधिकाऱ्याच्या हेतूविषयी लिहू नये, फक्त काय घडले ते तारखेसह लिहावे. आणि दुसऱ्याच्या अर्जाचा स्क्रीनशॉट टाकताना त्यावरचा आधार क्रमांक कधीही दिसू देऊ नये, कारण तो जाहीर करण्यास आधार कायद्याने मनाई आहे आणि ज्या मुलीसाठी आपण बोलतो तिचेच त्यात नुकसान होते.

आता त्या वहीविषयी, कारण आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट मला तीच वाटते. इंटरनेट स्वातंत्र्य म्हटले की आपल्याला बंद केलेले नेट आणि काढून टाकलेल्या पोस्ट आठवतात. तेही खरेच आहे. जम्मू-काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, असे स्पष्ट केले. परंतु ज्या घरात नेट सुरू आहे आणि तरीही मुलीला ते वापरता येत नाही, तिथला अन्याय सहसा कुणाच्या नोंदीत येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सुमारे ५७ टक्के पुरुषांनी आणि केवळ ३३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे दिसले. कोझिकोडच्या एका विद्यार्थिनीला वसतिगृहातील संध्याकाळच्या मोबाइलबंदीला विरोध केल्यामुळे वसतिगृह सोडावे लागले. ती केरळ उच्च न्यायालयात गेली आणि २०१९ मध्ये न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल दिला. त्यात मुद्दा असा होता की, केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा असे सांगितले जाते, मग ज्यांना ते शक्यच नाही त्यांनी बँक खाते कसे उघडावे? डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालय म्हणाले. ती पद्धत ज्याने आखली त्याच्या डोळ्यांसमोर ही माणसे नव्हती, तसेच ओटीपीची अट घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ऊसतोड कामगाराची मुलगी नव्हती. आपल्या लेकीने दिल्ली-मुंबईत न बसता हे टिपले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

तरीही पदवी सोडू देऊ नका, हे मी ठामपणे सांगतो. या क्षेत्रात दिल्लीतील इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन व एसएफएलसी (सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर), बंगळुरूमधील सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी आणि आयटी फॉर चेंज अशा संस्था आहेत. त्यांना वकील, संशोधक आणि तंत्रज्ञ लागतात. नुसत्या तळमळीवर तिथे कायमचे काम मिळत नाही. संगणकशास्त्र येणारा वकील तर आपल्याकडे फारच थोड्या ठिकाणी सापडतो. त्यामुळे पदवीनंतर तीन वर्षांचे एलएल.बी. हा मार्ग मला तिच्यासाठी सर्वांत योग्य वाटतो. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची सीईटी असते आणि पदवीच्या अंतिम वर्षात असतानाच ती देता येते. कायदा नको वाटला, तर सार्वजनिक धोरण किंवा समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण आहे. खासदारांसोबत संसदीय कामाचा अनुभव देणारी, पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची लॅम्प फेलोशिपही कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली असते.

दरम्यान वहीचे काम थांबवू नये, फक्त त्याला कागदोपत्री रूप द्यावे. किती अर्ज कोणत्या टप्प्यावर अडले आणि ओटीपीला कोणता पर्याय उपलब्ध आहे, हे तिने माहिती अधिकारात विचारावे. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर व १५० शब्दांत लिहावा लागतो, शुल्क १० रुपये असते आणि उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते. न आल्यास पहिले अपील करावे. असा पाठपुरावा केलेली विद्यार्थिनी इंटर्नशिपसाठी अर्ज करते, तेव्हा तिच्या अर्जाला वजन येते.

पैशांचे म्हणाल, तर स्वच्छ सांगतो. यातील बहुतेक संस्था देणग्यांवर व अनुदानांवर चालतात, नेमणुका अनेकदा ठरावीक मुदतीच्या असतात आणि सुरुवातीचा पगार चांगल्या सॉफ्टवेअर कंपनीइतका नसतो. वकिलीची सनद आणि संगणकाची पदवी हाताशी असेल, तर एखादा करार संपला तरी ती वकिली करू शकेल किंवा कंपन्यांमध्ये विदा-संरक्षणाचे, म्हणजे लोकांचा डेटा सुरक्षित ठेवण्याचे, काम घेऊ शकेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यामुळे त्या कामाची गरज वाढणारच आहे. शैक्षणिक कर्ज काढावे लागणार असेल, तर खासगी विद्यापीठाच्या मोठ्या शुल्काऐवजी शासकीय किंवा अनुदानित विधी महाविद्यालयाचा विचार आधी करावा, म्हणजे हप्त्यांपायी तिला हे काम सोडावे लागणार नाही.