मेजर सिस्टीमचा तक्ता मराठीसाठी बदलावा का?

अंक लक्षात ठेवण्याची 'मेजर सिस्टीम' मराठी माणसाने जशीच्या तशी वापरावी, तिचा तक्ता आपल्या सोयीने बदलावा, की अक्षरांतून संख्या सांगण्याची आपली जुनी कटपयादी पद्धतच सरळ घ्यावी, असे आपण विचारले आहे. माझे मत असे आहे की तक्ता जरूर बदलावा. मात्र तो शब्द पाठ करायला घेण्यापूर्वी बदलावा, एकदाच बदलावा आणि आपल्या कानाला विचारून बदलावा.

या पद्धतीत अंकांना व्यंजने दिलेली असतात आणि स्वरांना किंमत नसते, त्यामुळे व्यंजनांमध्ये हवे ते स्वर भरून अंकांचा शब्द तयार करता येतो आणि त्या शब्दाचे चित्र मनात ठेवता येते. रूढ तक्त्यात ० ला स, १ ला त-ट-द-ड, २ ला न, ३ ला म, ४ ला र, ५ ला ल, ६ ला च-ज-श, ७ ला क-ग, ८ ला फ-व आणि ९ ला प-ब अशी वाटणी आहे. ती लक्षात राहावी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या खुणा बहुतेक रोमन लिपीच्या आहेत: एनला दोन पाय, एमला तीन पाय, एल म्हणजे रोमन पन्नास. देवनागरीत विचार करणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. शिवाय हा तक्ता कोणा एकाने ठरवून दिलेला नाही. फ्रान्समध्ये १७व्या शतकात पिएर एरिगोनने अक्षरांना अंक देण्याची पद्धत मांडली, १९व्या शतकात एमे पारीने तिला जवळजवळ आजचे रूप दिले, आणि ऑक्सफर्डला गणित शिकवणाऱ्या लुइस कॅरोलने तर प्रत्येक अंकाला दोनच व्यंजने देऊन स्वतःचा वेगळा तक्ता केला, ज्यातली काही अक्षरे त्याने फोर, सिक्स, नाइन अशा अंकांच्या नावांतूनच घेतली. तेव्हा बदल करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

मी केलेला मुख्य बदल असा की वर्णमालेतला प्रत्येक वर्ग, त्यातली अनुनासिके वगळून, एकेका अंकाकडे अखंड ठेवला. क-वर्ग ७, च-वर्ग ६, त-वर्ग १, प-वर्ग ९. मूळ तक्त्यात त आणि ट एकाच घरात राहतात, कारण इंग्रजी कानाला तो भेद जाणवत नाही. आपल्याला तो लख्ख ऐकू येतो, म्हणून ट-वर्ग मी ८ कडे नेला, जिथे 'आठ'मधला ठ त्याची आठवण देतो, आणि व तिथेच राहू दिला. फ मात्र ९ कडे गेला, त्यामुळे 'फळ' आणि 'फॅन' यांतले फ वेगळे मानावेत का, हा प्रश्नच उरला नाही. स, श, ष हे तिन्ही ० कडे, कारण शून्याची सुरुवातच श ने होते. न आणि ण २ कडे, म ३ कडे, 'चार'मधला र ४ कडे, ल आणि ळ ५ कडे. ह आणि य यांना किंमत नाही.

खरे कष्ट पडतात ते काठावरच्या उच्चारांचे निर्णय घेताना. अनुस्वार मी मोजत नाही, कारण 'आंबा'त तो म सारखा, 'चंद्र'मध्ये न सारखा ऐकू येतो आणि 'अंगण'मध्ये दोन्हींसारखा नाही. जोडाक्षरातली व्यंजने सगळी मोजायची, पण 'पत्ता'सारखे द्वित्त एकदाच. 'चमचा' आणि 'चांदी' यांतल्या च चे उच्चार वेगळे असले तरी दोन्ही ६. ज्ञ मराठीत द्न्य असा म्हटला जातो, म्हणून तो १२. शब्द नेहमी मूळ रूपातच ठेवावा, कारण 'जत्रा'ची 'जत्रेत' झाली की मागे एक १ उगाच चिकटतो. 'सात'सारखे अंकांची नावे असलेले शब्द चित्रांसाठी घेऊच नयेत, कारण या तक्त्यात 'सात'ची किंमत ०१ होते आणि घोटाळा होतो.

हा तक्ता रोजच्या वापरात कसा चालतो, ते आमच्याकडच्या पिनकोडांवरून पाहा. सुरुवातीचे ४०० सर्वांना सामाईक आहे, तेव्हा शेवटचे तीन अंक पुरतात. ठाण्याचा ६०१ म्हणजे जस्त, वाशीचा ७०३ म्हणजे कुसुम, ऐरोलीचा ७०८ म्हणजे कासव, बेलापूरचा ६१४ म्हणजे जत्रा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली ते साल १८५३: १८ चा दिवा, ५३ चा लामा, म्हणून दिवा हातात घेतलेला एक लामा मी ठाणे स्थानकाच्या फलाटावर उभा केला आहे. सरावासाठी रस्त्यावरच्या गाड्यांच्या पाट्यांसारखे साधन नाही. ठाण्याचा एमएच ०४ म्हणजे शहर, नवी मुंबईचा एमएच ४३ म्हणजे राम. पुढच्या रिक्षावर २७१४ दिसले, तर सिग्नल सुटेपर्यंत नख आणि दार सापडतात, आणि दारावर नखाने काढलेला ओरखडा डोळ्यांपुढे येतो.

कटपयादीबद्दल मला फार आदर आहे. तिच्यात क, ट, प, य हे चौघेही १ असतात, जोडाक्षरातले शेवटचेच व्यंजन मोजतात आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचतात. म्हणून कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळांपैकी, म्हणजे मूळ रागांपैकी, मायामाळवगौळाचा क्रमांक 'मा' ५ आणि 'या' १ यांवरून १५ निघतो. एका अंकाला अनेक अक्षरे उपलब्ध असल्याने श्लोकात संख्या गुंफण्यासाठी ती अतुलनीय आहे. पण एकाच अंकाची अक्षरे एकमेकांसारखी ऐकू येत नाहीत आणि भरीला घालायला मोकळे व्यंजन जवळजवळ नाही. स्वतंत्र स्वरसुद्धा शून्य धरला जातो. ऐकलेला आकडा तत्काळ शब्दात बदलायचा असेल, तर मला ती जड जाते. आपल्याला वर्णमालेचा क्रम बोटांवर असेल आणि पाठांतराची गोडी असेल, तर आपला अनुभव वेगळा असू शकेल.

आधीच रूढ तक्त्यावर ० ते ९९ चे शब्द पक्के झाले असतील, तर मात्र माझ्या तक्त्याकडे वळू नका. तेव्हा अक्षरांना हात न लावता फक्त नीट न बसणारे शब्द बदला: ३४ ला मोर डोळ्यांपुढे येत नसेल तर मीरा घ्या. अक्षरे बदलली की जुना शब्द आणि नवा शब्द एकाच आकड्यावर हक्क सांगू लागतात, आणि जुना शब्द बरेच दिवस जागा सोडत नाही.