गाडी थांबली की एसी कोमट हवा का मारतो?

प्रश्न : आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पारोळ्याहून जळगावला नेते. गाडी पेट्रोलची, नऊ वर्षं जुनी. हायवेवर एसी मस्त गार असतो. पण सिग्नलला किंवा दवाखान्याबाहेर थांबलं की पाच मिनिटांत हवा कोमट. निघालं की परत गार. एप्रिलपासून दोनदा गॅस भरून झाला, फरक नाही. आता गॅरेजवाले कॉम्प्रेसर बदलायला सांगतात. बदलू का?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : ताई, कॉम्प्रेसरला अजून कुणाला हात लावू देऊ नका.

गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे जाळीसारखा कंडेन्सर असतो. केबिनमधून उचललेली उष्णता गॅस तिथे बाहेर टाकतो. हायवेवर समोरचा वारा ते काम फुकटात करतो. गाडी उभी राहिली की सगळा भार पंख्यावर. उभ्या गाडीत इंजिन हळू, म्हणून गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसरही हळू फिरतो, तेव्हा 44 डिग्रीच्या उन्हात गारवा थोडा उतरणारच. पण कोमट हवा यायला नको. बावीस वर्षं मी हेच काम करतोय. अशी तक्रार आली की गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं मीटर, नंतर, आधी पंखा बघतो.

तुम्हीही बघा. गाडी सावलीत लावा, इंजिन चालू, एसी फुल्ल, बॉनेट उघडं. थोड्याच वेळात पुढचा पंखा जोरात सुरू व्हायला हवा. ओढणी आणि बोटं लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरतो. मग वर्तमानपत्राचा एक कागद पुढच्या जाळीला लावून सोडा. तो चिकटून राहिला तर ओढ चांगली आहे. घसरून पडला तर पंखा फिरताना दिसत असला तरी दम नाही. ब्रश झिजलेली मोटर अशीच फसवते : फिरते, पण वारा देत नाही. पंखा दोन स्पीडचा असेल तर नुसता मोठा स्पीडही गेलेला असू शकतो, त्यासाठी रिले, म्हणजे पंख्याला वीज देणारा स्विच, तपासायचा.

आता माझी आवडती परीक्षा. हवा कोमट झाली की बाटलीतून साधं पाणी जाळीतून कंडेन्सरवर हळूहळू ओता, पंख्याच्या मोटरवर नाही. आत कुणाला तरी व्हेंटपुढे हात धरायला सांगा. मिनिटाभरात हवा गार झाली, तर दोष गॅस बाहेर थंड न होण्यात आहे : पंखा, चोंदलेला कंडेन्सर किंवा जास्त भरलेला गॅस. पाण्याने काहीच झालं नाही, पण रेस देऊन 1500 आरपीएमवर ठेवल्यावर गार झाली, तर मात्र कॉम्प्रेसर, त्याचा बेल्ट किंवा कमी गॅस यांच्याकडे वळायचं.

चोंदण्याचं आपल्या भागात फार चालतं. मागच्या वर्षी जिनिंगच्या रस्त्यावरून रोज जाणारी एक गाडी आली. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसत होता. तो पुढे सरकवला, तर तो आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत रुई आणि धुळीचा थर गोधडीसारखा बसलेला. बोटाने उचलला तर अख्खा निघाला. त्या गाडीतही आधी दोनदा गॅस भरलेला. धुताना साध्या नळाचं पाणी वापरा, आतून बाहेर. प्रेशरच्या फवाऱ्याने पातळ पट्ट्या आडव्या पडतात, मग हवा जायला वाटच उरत नाही.

आणि त्या गॅसबद्दल मला राग येतो. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. ती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. तुमच्याकडे दोनदा भरलाय, म्हणजे आता जास्त झाल्याचीच मला शंका आहे. बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचे ग्रॅम लिहिलेले असतात. पंखा आणि कंडेन्सर ठीक निघाले तर आहे तो गॅस मशीनने काढून, व्हॅक्यूम करून, तेवढेच ग्रॅम काट्यावर मोजून भरायला सांगा. तेव्हा गेजच्या लाल नळीचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा आकडा स्वतः बघा. आर-134ए गॅसच्या गाडीत उभ्या इंजिनवर तो 300 पीएसआयच्या वर चढतच राहिला आणि पाणी मारताच खाली आला, तर पंख्याकडे परत जा.

एक काम आजच करा. बऱ्याच गाड्यांत हाच पंखा इंजिनही थंड ठेवतो. दवाखान्याबाहेर थांबलात की टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेवा. तो नेहमीपेक्षा वर सरकला तर एसी लगेच बंद करा, इंजिन बंद करा आणि आईंना आत सावलीत बसवा.