दोरीवरची काळी पिसं: शेवाळ की कोरल?

प्रश्न: मे महिन्यात मालवणला गेलो होतो. धक्क्याजवळ होडीची जुनी दोरी वर ओढली तर तिच्यावर बोटभर लांबीची काळपट पिसं, आणि त्यांच्यावर पांढरे ठिपके. भाऊ म्हणतो शेवाळ, मी म्हणते कोरल. हात लावला तर चुरचुरलं पण. फोटो पाठवतेय, हे नक्की काय आहे?

उत्तर: दोघंही चुकलात, पण तुम्ही जरा जवळ आहात. हा हायड्रॉइड आहे, म्हणजे कोरल आणि जेलीफिशचा नातेवाईक, आणि तुमचं ते एक पीस म्हणजे एक प्राणी नाहीये, अख्खी वसाहत आहे. पांढरा ठिपका म्हणजे एक पॉलिप, त्याला स्वतःचं तोंड आणि टेंटॅकल्स (भक्ष्य पकडणारे धाग्यांसारखे अवयव) असतात, पण सगळ्यांची पोटं आतून एकमेकांना जोडलेली, त्यामुळे एकाने पकडलेलं बाकीच्यांनाही पोचतं. काळी काडी हे बाहेरचं कडक आवरण.

फोटोवरून मला तरी हा पेनारिया डिस्टिका वाटतो. फांद्या एकाआड एक डावी-उजवीकडे, खोड काळं आणि पॉलिप उघडे, नुसत्या डोळ्यांनी सुटे दिसणारे. दुसरा संशयित मॅक्रोऱ्हिंकिया, पण त्याचे पॉलिप बारीक कपांत बसलेले असतात, सुटे ठिपके दिसतच नाहीत, सगळं पीस एकसारखं पांढरट दिसतं आणि तो चावतोही जास्त जोरात. खात्री करायची तर पुढच्या वेळी दोरी पाण्यातच ठेवून भिंगातून बघा. वर काढली की पॉलिप आकसतात आणि मग काही कळत नाही (फोटो बाहेरचा आहे, म्हणून मीही छातीठोक सांगत नाहीये). तोंडाभोवती आखूड, टोकाला गाठ असलेली टेंटॅकल्स आणि खाली लांब बारीक टेंटॅकल्सचं कडं दिसलं तर पेनारियाच.

आता दोरीवरच का, तर याला बसायला काहीतरी टणक लागतं आणि पाणी वाहतं लागतं. याचं खाणं म्हणजे बारीक प्लवक (पाण्यात तरंगणारे छोटे जीव), ते प्रवाहाबरोबर येतात, हा जागचा हलू शकत नाही, मग वाहत्या पाण्यातली दोरी, धक्क्याचे खांब, होडीचा तळ, खडकाची कड, सगळं त्याला चालतं. नुसत्या वाळूत सापडणार नाही.

चुरचुरण्याचं म्हणाल तर टेंटॅकल्सवर डंखपेशी असतात. चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने उरलेल्या डंखपेशी फुटू शकतात. अंगभर पुरळ आलं किंवा दम लागला तर सरळ डॉक्टर.