कीपर बदलायच्या आधी पाच मॅच थांब

बाळा,

रविवारी मॅच संपल्यावर तू ग्लोव्ह्ज बॅगेत कोंबलेस आणि कुणाशी न बोलता सायकलवर निघून गेलास. मी हाक मारली होती, तुला ऐकू आली पण तू थांबला नाहीस. राग नाही मला, चार गोल खाल्ल्यावर मीपण असाच जायचो. पण रात्री तुझा मेसेज आला की काका मी कीपिंग सोडतो, फॉर्मच गेलाय माझा, म्हणून हे लिहायलोय. जेवण झाल्यावर निवांत वाच.

आधी तुझ्या त्या गेमचं बोलतो. मागच्या महिन्यात घरी येऊन तू लॅपटॉपवर फुटबॉल मॅनेजर, म्हणजे कोच बनून टीम चालवायचा तो गेम, दाखवत होतास तेव्हा मी गप्प बसून बघत होतो. एका सीझनमध्ये तू तीन कीपर बदललेस. तो एकोणीस वर्षांचा पोरगा, रिफ्लेक्सेस वीसपैकी १६, हँडलिंग १५, दोन मॅचमध्ये दहापैकी रेटिंग सहाच्या खाली गेलं की लगेच बेंचवर. बेंचवर बसवल्यावर त्याचं मोराल, म्हणजे मनोबल, पडलं, मग पुन्हा खेळवलास तेव्हा अजून खराब खेळला आणि तू म्हणालास बघा काका, हा प्लेअरच बोगस आहे. अरे पण त्याचे आकडे तेच होते की. १६ चे १५ सुद्धा झाले नव्हते.

आणि त्याच संध्याकाळी अजून एक झालं, ते तुझ्या लक्षातपण नसेल. एक मॅच ०-३ हरलास, चिडून मॅचच्या आधी साठवून ठेवलेला गेम, म्हणजे जुना सेव्ह, लोड केलास, तीच मॅच परत खेळलास आणि १-० नं जिंकलास. तोच कीपर, तेच अकरा, समोरची टीम पण तीच. तू खुश होऊन पुढं गेलास, माझ्या डोक्यातून मात्र ते गेलंच नाही. ग्राउंडवर सेव्ह लोड करता येत नाही ना, म्हणून जे एकदा झालं तेच आपली लायकी असं आपण धरून बसतो. रविवारची मॅच दहा वेळा खेळवली असती तर चार गोल किती वेळा गेले असते? पहिला आपल्याच स्टॉपरच्या गुडघ्याला लागून फिरला, दुसरी पेनल्टी, तिसऱ्याला लेफ्ट बॅक वर गेलेला आणि तू एकटा समोर. चौथा तुझा. क्रॉस आला, तू दोन पावलं पुढं आलास आणि मधेच थांबलास. त्याला मी पांघरूण घालणार नाही, पण चारातला एक तुझा आहे एवढंच मान.

गेममध्ये फॉर्म म्हणून जे दिसतं ते मागच्या पाच मॅचचं रेटिंग असतं, म्हणजे काय होऊन गेलं ते. कीपरच्या आत काय आहे ते तिथं दिसत नाही. आणि कीपरचं तर अजून अवघड, स्ट्रायकरनं पाच घालवून एक मारला तरी पोरं खांद्यावर घेतात, आपल्याला एका मॅचमध्ये खरे शॉट येतात तीन-चार, एवढ्या थोड्या शॉटवर नशीब आणि कसब वेगळं कसं करणार. नव्या व्हर्जनमध्ये एक्सपेक्टेड गोल्स प्रिव्हेंटेड असा कॉलम असतो, शॉट किती अवघड होता ते धरून कीपरनं किती गोल वाचवले ते कळतं. रेटिंगच्या आधी तो बघत जा. आमच्या घराशेजारी माग होते, रात्रभर खडखड चालायची आणि आम्ही सगळे गाढ झोपायचो, एखादा माग बंद पडला की मात्र आईला जाग यायची. कीपरचं तसंच असतं बघ, नीट चाललंय तोवर कुणाचं लक्ष नसतं, एकदा चुकला की सगळ्यांना दिसतं.

आपल्या भारताच्या टीमचा कीपर गुरप्रीत सिंग संधू, त्याचं सांगतो. ५ सप्टेंबर २०१९, गुवाहाटीत वर्ल्ड कप क्वालिफायर, ओमानविरुद्ध आपण १-० नं पुढं आणि शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाऊन हरलो. पाचच दिवसांनी दोह्यात कतार, त्या वर्षीचे एशियन चॅम्पियन, आपला कॅप्टन सुनील छेत्री आजारी म्हणून कॅप्टनची पट्टी गुरप्रीतच्या दंडाला. ०-०. अकरा सेव्ह केले त्यानं. पाच दिवसांत माणूस नवीन कीपिंग शिकतो का? ओमानच्या मॅचवरून कोचनं त्याला बसवलं असतं तर ती रात्र झालीच नसती. २०२२ च्या वर्ल्ड कपला अर्जेंटिनाचा कीपर मार्टिनेझ, त्याचं पण तेच, पहिल्याच मॅचला सौदीचे टार्गेटवर दोन शॉट आणि दोन्ही आत, तुझ्या गेममध्ये तू त्याला त्याच रात्री बेंचवर टाकला असतास. फायनलला एक्स्ट्रा टाइमच्या शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आला तेव्हा पायानं अडवला तो हाच.

आता माझं. तुझ्याएवढा होतो तेव्हा एका टूर्नामेंटमध्ये साधा क्रॉस हातातून सुटला, कोचनं सगळ्यांसमोर हाफटाइमलाच काढलं. तो गोल मी महिन्याभरात विसरलो. पण त्यानंतर सहा महिने मी गोलची लाइन सोडून बाहेरच आलो नाही, प्रत्येक क्रॉसला वाटायचं राहू दे, डिफेंडर बघेल. नुकसान त्या एका गोलानं नाही झालं, या सहा महिन्यांनी झालं, आणि हे मला कुणी सांगितलं नाही म्हणून तुला सांगायलोय. तुझं ते मधेच थांबणं बघून माझ्या पोटात कालवलं ते यामुळं. यायचं तर पूर्ण यायचं, नाहीतर लाइनवर राहायचं. येऊन चुकलास तर मी काही बोलणार नाही.

दुसरी एक खोड लागते चुकल्यावर, काहीतरी करून दाखवायची. २००७ साली इस्रायलच्या संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासल्या, कीपर मध्ये उभे राहिले फक्त ६.३ टक्के वेळा, आणि बॉल मध्ये आला होता २८.७ टक्के वेळा. उभं राहून गोल गेला तर लोक म्हणतील हललापण नाही, म्हणून उडी. रविवारी चौथ्या गोलनंतर तू प्रत्येक बॉलला शॉट मारायच्या आधीच झुकायलास, ते हेच. शॉट लागायच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर आणि शरीर शांत, एवढंच जपायचं.

कॉन्फिडन्स नुसता बोलून येत नाही रे, मी शंभर वेळा शाब्बास म्हणालो तरी नाही. पहिल्या दहा मिनिटांत आपल्या डिफेंडरकडून दोन-तीन बॉल मागून घे, हाताला-पायाला बॉल लागू दे. गोल गेला तर जाळीतून बॉल काढ, ग्लोव्ह्ज ओले कर आणि डिफेन्सला मोठ्यानं आवाज दे, दर वेळी याच क्रमानं. ओले कर हे उगाच नाही सांगत, आपल्या सोलापूरच्या उन्हात लेटेक्स दहा मिनिटांत वाळतं आणि वाळलं की ग्रिप जाते. पोस्टपाशी पाण्याची बाटली नव्हती तुझ्या, मी बघितलं. त्यातला अर्धा फॉर्म तिथंच गेला असेल तुझा. आणि मुरमावर डाइव्ह मारताना आत फुल पँट घाल, मागच्या वेळची साल अजून वाळली नाही म्हणून डाव्या बाजूला पडायला भितोस, तेपण दिसतं मला.

बुधवारी सकाळी सहाला ये, ऊन चढायच्या आत. नुसते क्रॉस टाकणार आहे, पन्नास. आणि गेममधल्या त्या एकोणीस वर्षांच्या पोराला परत घे टीममध्ये, सलग पाच मॅच खेळव, काहीही होऊ दे काढायचं नाही. पाचव्या मॅचनंतरचा तो कॉलम वहीत लिहून आण, आपण दोघं बघू.

काका